वसंतसंपात स्वतः कसा मोजायचा: एक छिद्र, एक ओळंबा आणि पंधरा दुपारी

दर मार्चमध्ये एक वाक्य हमखास वाचायला मिळतं: ‘आज दिवस आणि रात्र समान.’ त्याच पानावर कुठेतरी सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा दिलेल्या असतात. वजाबाकी करून बघा. दिवस बारा तासांपेक्षा निदान सहा-सात मिनिटांनी मोठा निघतो. विषुववृत्तापासून लांबच्या ठिकाणी तर दहा मिनिटांच्याही पुढे. वेळा चुकलेल्या नसतात, वाक्य चुकलेलं असतं. वसंतसंपात म्हणजे दिवस-रात्रीची वाटणी नव्हे. सूर्यबिंबाचं केंद्र खगोलीय विषुववृत्त ओलांडून उत्तरेला जातं तो एक क्षण, म्हणजे वसंतसंपात. तो क्षण घरबसल्या पकडता येतो. अर्ध्या दिवसाच्या आत तर कुणालाही, आणि हात बसला की पाच-सहा तासांच्या आत. दुर्बीण लागत नाही. पंधरा दिवस दुपारी उन्हात यायची तयारी मात्र हवी.

आधी एक आकडा

पृथ्वीचं विषुववृत्त आकाशापर्यंत ताणलं की खगोलीय विषुववृत्त मिळतं. सूर्याचा वर्षभराचा मार्ग, म्हणजे क्रांतिवृत्त, त्याच्याशी २३.४४ अंशांचा कोन करतो. दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात, तेच दोन संपात. सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे त्या कोनाला क्रांती म्हणतात. संपाताच्या क्षणी क्रांती शून्य.

पाठ करायचा आकडा असा: मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्याची क्रांती दिवसाला सुमारे २४ कलांनी बदलते, म्हणजे तासाला एक कला. (साठ कलांचा एक अंश.) पुढे चुकांचा सगळा हिशेब याच मापाने करायचा आहे. अयनदिनाच्या (सूर्य उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या टोकाला पोचून परत फिरतो तो दिवस) आसपास पाच-पाच दिवसांत सूर्य दहा कलाही हलत नाही, म्हणून तो दिवस सावलीवरून नेमका काढणं जिकिरीचं. संपाताला सूर्य धावत असतो. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी असं मला वाटतं.

सूर्यबिंब स्वतः ३२ कला रुंद आहे. म्हणजे अख्खं बिंब विषुववृत्त ओलांडायला तब्बल बत्तीस तास घेतं. आपल्याला हवं असतं ते त्याचं केंद्र.

काठी नको, छिद्र घ्या

पारंपरिक साधन म्हणजे शंकू, उभी रोवलेली काठी. पण काठीच्या टोकाची सावली जवळून पाहिलीत तर टोक सापडतच नाही. एक मीटर उंचीच्या काठीच्या सावलीची कड सुमारे एक सेंटिमीटरभर धूसर असते, कारण सूर्य बिंदू नाही, बिंब आहे. तो धूसर पट्टा म्हणजे उपच्छाया. दिवसागणिक सावली साधारण आठ मिलिमीटर सरकणार, आणि तुमच्या टोकाचाच सेंटिमीटरभर पत्ता नाही! अशाने काही मोजता येत नाही.

त्याऐवजी वहीच्या पानाच्या आकाराचा जाड पुठ्ठा घ्या आणि मधोमध तीन मिलिमीटरचं गोल छिद्र पाडा. हा पुठ्ठा जमिनीपासून बरोबर एक मीटरवर आडवा बसवा. उंच स्टुलावर वजनाखाली दाबून पुढे काढलात तरी चालेल. जमिनीवर पुठ्ठ्याची सावली पडेल आणि तिच्यात सव्वा सेंटिमीटरचा एक उजळ, किंचित लांबट ठिपका दिसेल. हा नुसता कवडसा नव्हे, ती सूर्याची प्रतिमा आहे. तिच्या दोन कडांना पेन्सिलीने खुणा करून मध्य काढला की बिंबाचं केंद्र एक-दोन मिलिमीटरांत हाती लागतं. काठीपेक्षा पाचपट बरं. सूर्याकडे थेट बघायची गरज कधीच पडत नाही, आणि बघूही नका.

आता छिद्रातून ओळंबा सोडा. त्याचं टोक जमिनीला टेकेल तिथे बारीक फुली करा. हा पायाबिंदू. काठी असती तर ती सरळ उभी आहे का याची चिंता. इथे स्टूल वाकडं असलं तरी बिघडत नाही, ओळंबा खरं तेच सांगतो. दर दुपारी मोजण्याआधी ओळंबा पुन्हा सोडून फुली जागेवर आहे ना ते बघा, आणि छिद्राची उंचीही टेपने मिलिमीटरपर्यंत तपासा. उंचीत एका मिलिमीटरची चूक वीस अक्षांशावर संपाताला तासाभराने ढकलते, एवढी चालेल.

दक्षिणोत्तर रेषा

होकायंत्र बाजूला ठेवा. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर एक नसतात, शिवाय स्लॅबमधल्या सळया आणि कठड्याचं लोखंड फोनमधल्या होकायंत्राला हवं तसं नाचवतात.

खरी पद्धत सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथातही आहे आणि आजही तिच्यात सुधारणा करायला जागा नाही. पायाबिंदू केंद्र धरून दुपारच्या सर्वांत आखूड अंतराच्या दीडपट त्रिज्येचं वर्तुळ काढा. सकाळी ठिपका वर्तुळाच्या आत शिरेल तिथे एक खूण, दुपारनंतर बाहेर पडेल तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. तिला पायाबिंदूतून काढलेला लंब दक्षिणोत्तर. दोन खुणांच्या मधल्या तासांत सूर्य तीन-चार कला सरकलेला असतो, पण त्याने दिशेत येणारी चूक अंशाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. सोडून द्या.

हे काम एकदाच करायचं. रेषा आखून झाली की रोजचं माध्यान्ह म्हणजे ठिपका त्या रेषेवर येतो तो क्षण. घड्याळात ते केव्हा? मार्चच्या या दिवसांत सूर्य सरासरी वेळेच्या सुमारे साडेसात मिनिटं मागे असतो. त्यात रेखांशाची दुरुस्ती: तुमच्या प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून तुम्ही जितके अंश पश्चिमेला, तितक्या चौका मिनिटं पुढे, पूर्वेला असाल तर तितकी मागे. पाच अंश पश्चिमेला असलेल्या माणसाचं माध्यान्ह बाराला नाही, बारा वाजून सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटांनी.

लांबी मोजा

१३ मार्चपासून २७ मार्चपर्यंत रोज माध्यान्ही पायाबिंदूपासून ठिपक्याच्या मध्यापर्यंतचं अंतर नोंदवा. एखाद-दोन दिवस ढगांनी खाल्ले तरी हरकत नाही.

संपाताच्या माध्यान्ही सूर्य डोक्यापासून बरोबर तुमच्या अक्षांशाइतका कललेला असतो. त्यामुळे अंतर = छिद्राची उंची × अक्षांशाची स्पर्शज्या (tan). एक मीटर उंचीसाठी १० अक्षांशावर १७.६ सेंमी, १५ वर २६.८, २० वर ३६.४, २५ वर ४६.६, ३० वर ५७.७ आणि ४५ वर बरोबर एक मीटर. रोजचा फरक वीस अक्षांशावर सुमारे ८ मिलिमीटर, पंचेचाळीसवर जवळजवळ १४. उत्तर गोलार्धात अंतर रोज घटत जातं, दक्षिणेत वाढत जातं. अक्षांश नकाशावरून दशांश दोन स्थळांपर्यंत घ्या. एक दशांश अंशाची ढिलाई म्हणजे सहा तास गेले.

मग आलेख. आडव्या अक्षावर तारीख आणि वेळ, उभ्यावर अंतर. पंधरा दिवसांचे बिंदू जवळपास एका सरळ रेषेत बसतात. पट्टीने रेषा ओढा, तुमच्या अक्षांशाचं अंतर तिच्यावर शोधा आणि खाली उतरून वेळ वाचा. एका दुपारच्या नोंदीत तीन ते सहा तासांची चूक असतेच, पण दहा-बारा नोंदी मिळून तिला बरंच दाबतात.

हेच अंतर आपल्या जुन्या गणितात ‘पलभा’ नावाने आहे: बारा अंगुळं उंचीच्या शंकूची संपाताच्या माध्यान्हीची सावली. वीस अक्षांशाच्या ठिकाणची पलभा सुमारे ४.३७ अंगुळं. ठिकाणाचा अक्षांश सांगण्याऐवजी तिथली पलभा सांगायची, इतकी ही सावली भरवशाची मानली जाई.

मग माझा संपात उशिरा का आला

पहिल्या वर्षी मी गच्चीवर मोजलं. सगळं नीट, नोंदी सुबक, आलेखाची रेषा पट्टीला चिकटलेली. उत्तर खऱ्या वेळेच्या जवळजवळ दीड दिवस पुढे. दोन रात्री आकडेमोड तपासण्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी गच्ची धुवायला पाणी टाकलं आणि ते शांतपणे उत्तरेच्या कोपऱ्यातल्या जाळीकडे निघालं, तेव्हा कोडं सुटलं. गच्चीला पाणी वाहून जायला उतार असतो. त्या वर्षी पायाबिंदू मी ओळंब्याने नव्हे, गुण्याने फरशीला काटकोनात काढला होता, म्हणून तो उतार थेट उत्तरात शिरला. मीटरला एक सेंटिमीटर उतार म्हणजे ०.५७ अंश, आणि सूर्याला तेवढं अंतर कापायला दीड दिवस लागतो. उतार उत्तरेकडे असल्याने ठिपका लांब पडत होता आणि सूर्य प्रत्यक्षापेक्षा दक्षिणेला वाटत होता.

म्हणून लांबी मोजायची ती पाणसळ लावून समतल केलेल्या फळीवर. फरशी डोळ्यांना सपाट दिसते, यावर विश्वास ठेवू नका.

पण त्या वर्षीच्या वहीत आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे मी दुर्लक्ष केलं होतं. मी दिवसभराच्या खुणाही केल्या होत्या, आणि त्या बरोबर उत्तर देत होत्या.

सरळ रेषेची चाचणी

माझ्या मते ही सगळ्यांत सुंदर चाचणी. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत दर अर्ध्या तासाने ठिपक्याच्या मध्यावर खूण करा. एरवी या खुणा जोडल्या की वक्ररेषा मिळते. गणितात तिला अपास्त म्हणतात. संपाताच्या दिवशी मात्र त्या सरळ रेषेत येतात, आणि ती रेषा ठीक पूर्व-पश्चिम असते. त्या दिवशी सूर्य खगोलीय विषुववृत्तावरून चालतो, विषुववृत्ताचं प्रतल जणू छिद्रातून जातं, आणि एक प्रतल दुसऱ्याला सरळ रेषेतच छेदतं.

याच वाक्यात माझ्या गच्चीचं उत्तर आहे. दुसरं प्रतल उतरतं असलं तरी छेद सरळच राहतो. उतार चालतो, भिंत चालते, खिडकीच्या कागदातल्या भोकातून खोलीत येणारा कवडसासुद्धा चालतो. पृष्ठभाग सपाट हवा, समतल असायची गरज नाही. छिद्राची उंची, अक्षांश, पायाबिंदू यांतलं काहीच लागत नाही. लांबीच्या चाचणीला फसवणाऱ्या चुका इथे शिरतच नाहीत. (रेषेची दिशा तपासायची असेल तर मात्र फळी समतल हवी.)

कृती: पहिल्या आणि शेवटच्या खुणेवर दोरा ताणून धरा. पूर्व-पश्चिम दोन मीटरहून थोडी जास्त जागा लागेल. नसेल तर छिद्र अर्ध्या मीटरवर आणा. आता मधली, माध्यान्हीची खूण दोऱ्यापासून किती दूर आहे ते मोजा. उत्तर गोलार्धात संपाताच्या दोन दिवस आधी ती पायाबिंदूच्या बाजूला सहा-सात मिलिमीटर सरकलेली दिसेल (वीस अक्षांश, एक मीटर उंची धरून). दोन दिवसांनंतर तितकीच पलीकडच्या बाजूला. दक्षिण गोलार्धात याच्या उलट. पाच-सहा दिवसांच्या या वाकाचा आलेख काढा. वाक शून्य होतो ती वेळ तुमचा संपात. फरक लहान असल्याने लांबीइतकी बारीक अचूकता मिळत नाही, पण लांबीचं उत्तर खोटं असेल तर ही रेषा लगेच चुगली करते. दोन्ही चाचण्या एकदमच करा.

विषुववृत्ताजवळ राहणाऱ्याचा ठिपका माध्यान्ही पायाबिंदूला चिकटलेला असतो. नेमक्या विषुववृत्तावर तर ही सरळ रेषा पायाबिंदूतूनच जाते.

संध्याकाळी पश्चिमेला

संपाताला सूर्य ठीक पूर्वेला उगवतो आणि ठीक पश्चिमेला मावळतो हे जवळजवळ खरं आहे. वातावरणातल्या अपवर्तनामुळे, म्हणजे हवेतून येताना प्रकाश वाकल्यामुळे, मावळतं बिंब उचललेलं दिसतं, त्यामुळे उत्तर गोलार्धात बिंबाची वरची कड दिसेनाशी होते ती पश्चिमेपासून थोडी उत्तरेला, वीस अक्षांशावर अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. मावळण्याची जागा रोज बिंबाच्या पाऊण रुंदीहून थोडी जास्त सरकते. सलग चार संध्याकाळी एकाच जागी उभं राहून झाड किंवा खांबाच्या आधाराने बघा, सरकणं डोळ्यांना दिसतं.

त्या रात्री थोडं जागायची तयारी असेल तर याचा ताळाही बघता येतो. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत आधी उगवणारा आणि आधी मावळणारा, त्याचं नाव मिंटाका. तो विषुववृत्ताच्या जेमतेम एक-तृतीयांश अंश दक्षिणेला आहे. सूर्य मावळला ती जागा नीट लक्षात ठेवा. साधारण साडेपाच तासांनी मिंटाका तिथेच उतरेल. क्षितिजालगतच्या धुरकटपणात तारा आधीच विरतो; मग शेवटचा दिसला तिथून त्याच्या उतरत्या वाटेने नजर खाली न्या.

बारा तास कुठे हरवले

आता सुरुवातीच्या वजाबाकीकडे. सूर्योदय मोजतात वरची कड दिसल्यापासून आणि सूर्यास्त वरची कड बुडेपर्यंत; त्यात अर्धं बिंब, १६ कला, फुकट मिळतं. क्षितिजावर अपवर्तन आणखी ३४ कला उचलतं. दोन्ही मिळून ५० कला, सकाळी आणि संध्याकाळी. विषुववृत्तावर याची सहा मिनिटं चाळीस सेकंद होतात, वीस अक्षांशावर सात मिनिटं, साठवर तेरा.

म्हणून खरोखर बारा-बारा तासांचा दिवस उत्तर गोलार्धात वसंतसंपाताच्या आधीच येऊन जातो: चाळीस अक्षांशावर तीन-चार दिवस आधी, वीसवर सहाएक, दहावर जवळजवळ बारा. नेमक्या विषुववृत्तावर तो वर्षात कधीच येत नाही, तिथला दिवस नेहमीच बारा तासांपेक्षा थोडा मोठा.

(त्या दिवशी अंडं टोकावर उभं राहतं हेही ऐकलं असेल. राहतं. चिकाटी असेल तर जुलैतही राहतं.)

मध्यरात्री: पायाखालचा सूर्य

संपातबिंदू आकाशात बघता येईल का? मार्चमध्ये नाही, तिथे सूर्यच बसलेला असतो. पण समोरचा शरदसंपातबिंदू त्या रात्री दिसतो. तुमच्या माध्यान्हीच्या वेळेत बारा तास मिळवा. त्या वेळी सिंहाच्या शेपटीचा तारा, उत्तरा फाल्गुनी, याम्योत्तरवृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर) आलेला असतो. हात लांब करून तिथून दीड मूठ दक्षिणेला या, मग दोन बोटं पूर्वेला. तिथे ठळक काहीच नाही, जवळ कन्येतला एक मंद तारा तेवढा. पण तुमच्याकडून पृथ्वीच्या आरपार विरुद्ध टोकाला बरोबर सूर्य आहे, आणि पृथ्वीची सावली अवकाशात याच दिशेला गेलेली आहे. विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर उंच फिरणारे दळणवळणाचे उपग्रह संपाताच्या आगेमागे सहा आठवडे रोज रात्री त्या सावलीत शिरतात, संपाताच्या सुमाराला सत्तरेक मिनिटांसाठी. तेवढा वेळ त्यांचं काम बॅटरीवर चालतं.

वसंतसंपातबिंदू बघायचा तर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी महाश्वाचा चौकोन शोधा. शर्मिष्ठा तारकासमूहाकडून येणारी रेषा त्याच्या पूर्वेकडच्या बाजूवरून तशीच दक्षिणेला त्या बाजूइतकीच पुढे न्या. तिच्या शेवटाच्या जरा पश्चिमेला, मीन राशीतल्या अंधाऱ्या पट्ट्यात तो बिंदू आहे. त्याला अजून मेषेचा आरंभबिंदू म्हणतात, पण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत असल्याने तो तिथून केव्हाच सरकला आहे. वर्षाला ५०.३ विकला (साठ विकलांची एक कला), सुमारे ७२ वर्षांत एक अंश, पूर्ण फेरीला २६ हजार वर्षांच्या थोडं आत. सायन (संपातबिंदूपासून मोजलेल्या) आणि निरयन (ताऱ्यांच्या आधाराने मोजलेल्या) राशींमध्ये आज जे २४ अंशांचं अंतर दिसतं ते याच सरकण्यातून साचलेलं.

उत्तर ताडून पाहायला

आपलं उत्तर काढून झाल्याशिवाय हे आकडे बघू नयेत, असं सांगून मी ते देतोच आहे. जागतिक वेळेनुसार वसंतसंपात २०२६ मध्ये २० मार्चला १४:४६ वाजता, २०२७ मध्ये २० मार्चला २०:२५, २०२८ मध्ये २० मार्चला ०२:१७. त्यात आपल्या प्रमाणवेळेचा फरक मिळवा. साडेपाच तास पुढे असलेल्यांना २०२७ चा संपात २१ तारखेला पहाटे १:५५ वाजता मिळेल. दर वर्षी हा क्षण पावणेसहा तासांच्या आसपास पुढे जातो आणि लीप वर्षाचा दिवस त्याला मागे ओढतो.

मोजणी झाल्यावर सरळ रेषा पुसू नका, शक्य असेल तर रंगाने पक्की करा आणि छिद्राची जागा भिंतीवर खूण करून ठेवा. सूर्य त्याच रेषेवर परत येतो, पण बरोबर अर्ध्या वर्षाने नाही. २०२६ मध्ये शरदसंपात २३ सप्टेंबरला जागतिक वेळेनुसार ००:०५ वाजता आहे, म्हणजे १८६ दिवसांहून जास्त काळाने. परतीचा टप्पा १७९ दिवसांच्याही आत संपतो. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तेव्हा ती वेगाने पळते, म्हणून. सप्टेंबरमध्ये वाक उलट्या क्रमाने येईल: उत्तर गोलार्धात मधली खूण आधी दोऱ्याच्या पलीकडे, मग पायाबिंदूकडे.